नसलेल्या खाणीचा धनी

९ जुलै १९०५ च्या दुपारी लॉस एंजेलिसच्या स्थानकातून तीन डब्यांची एक खास आगगाडी शिकागोकडे निघाली. गाडीत उतारू मूठभर. त्यांत एक वॉल्टर स्कॉट नावाचा बत्तीस वर्षांचा गडी, त्याची बायको आणि एक वार्ताहर. स्कॉटच्या गळ्यात लालभडक नेकटाय होता आणि खिसे नोटांनी फुगलेले होते. सांता फे रेल्वे कंपनीला त्याने साडेपाच हजार डॉलर मोजले होते ते एकाच अटीवर. आजवर कुणी गेले नसेल इतक्या वेगाने आपल्याला शिकागोला पोचवायचे. ३,६०० किलोमीटरांहून जास्त अंतर गाडीने ४४ तास ५४ मिनिटांत कापले. पुढची तीनेक दशके या मार्गावर तो विक्रम कुणाला मोडता आला नाही.

वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. डेथ व्हॅलीच्या वाळवंटात या माणसाची सोन्याची खाण आहे, तिचा पत्ता त्याच्याखेरीज कुणाला ठाऊक नाही आणि पैसा त्याच्या हातून पाण्यासारखा वाहतो, अशा बातम्या देशभर छापून आल्या. डेथ व्हॅली स्कॉटी हे नाव घराघरांत पोचले.

खाण मात्र नव्हती. तेव्हाही नव्हती, नंतरही नव्हती. गाडीभाड्याचे पैसेदेखील खाणींचे शेअर खपवणाऱ्या एका दलालाने पुरवले असावेत, असे आज अभ्यासक मानतात. डेथ व्हॅलीत सोन्याचा सुकाळ आहे अशी हवा त्याला हवीच होती.

मी आयुष्याची तीसपस्तीस वर्षे बँकेत कर्जे देण्यात आणि त्याहून अधिक ती वसूल करण्यात घालवली. सोनेतारण कर्जाच्या काउंटरवर बसलो, तेव्हा कसोटीच्या दगडावर कस लावणाऱ्या आमच्या सराफाचा चेहरा वाचायला शिकलो. दागिना खोटा निघाला की तो काही न बोलता नाकावरचा चष्मा वर सरकवायचा. ऐंशीच्या दशकात म्हशींसाठी दिलेल्या कर्जांची पाहणी करायला खेड्यात गेलो, की एकच म्हैस सकाळी एकाच्या गोठ्यात आणि दुपारी दुसऱ्याच्या गोठ्यात बांधलेली असायची. दोन्हीकडे तिच्या कानातला बिल्ला मात्र वेगळा. त्यामुळे लबाड कर्जदाराचे मला अप्रूप नाही. अप्रूप वाटले ते स्कॉटीला पैसे देणाऱ्याचे. ज्याला फसवले, ज्याला आपण फसलो हे कळले, आणि ज्याने त्यानंतर चाळीसेक वर्षे त्याच माणसाला पोसले, असा सावकार माझ्या उभ्या नोकरीत मला भेटला नाही.

लेकीकडे लॉस एंजेलिसला गेलो होतो तेव्हा हिवाळ्यात डेथ व्हॅलीला जायचे ठरले. जावई गाडी चालवणार, नात मागे माझ्या शेजारी, सौ. पुढे. डब्यात धपाटे आणि दह्याऐवजी कुठलेसे अमेरिकी योगर्ट. पाच-सहा तासांचा रस्ता. शहराच्या उत्तरेचे डोंगर ओलांडले की अँटिलोप व्हॅलीचा सपाट पट्टा लागतो आणि हिरवा रंग संपतोच. दोन्ही बाजूंना जोशुआची झाडे. आपल्याकडच्या निवडुंगाने वर हात करून कवायत करायचे ठरवले तर जसा दिसेल तसे हे झाड दिसते. मग मोहावे नावाचे गाव येते. तिथल्या धावपट्टीवर म्हाताऱ्या झालेल्या विमानांच्या रांगा उभ्या असतात, कारण कोरड्या हवेत पत्रा गंजत नाही. याच गावापर्यंत १८८० च्या दशकात डेथ व्हॅलीतून टाकणखार यायचा. दोन प्रचंड गाडे, त्यांच्या मागे पाण्याची टाकी आणि पुढे वीस जनावरांची जोडणी. २६५ किलोमीटर यायला दहा दिवस लागत. डेथ व्हॅलीने माणसाला ज्या खनिजाचे बऱ्यापैकी पैसे दिले ते हे पांढरे, धुण्याच्या पावडरीत जाणारे टाकणखार. पण टाकणखाराची गोष्ट ऐकायला कोण बसणार?

स्कॉटीला हे अगदी पुरते कळले होते. केंटकी राज्यातल्या सिंथियाना गावी १८७२ मध्ये त्याचा जन्म झाला. बाप घोड्यांच्या शर्यतींच्या धंद्यातला. पोरगा अकरा-बारा वर्षांचा असतानाच घर सोडून पश्चिमेला थोरल्या भावांकडे गेला. जमिनीची मोजणी करणाऱ्या पथकाला पाणी पुरवायचे काम त्याला मिळाले आणि त्या निमित्ताने त्याने डेथ व्हॅली पहिल्यांदा पाहिली. पुढे १८९० पासून बारा वर्षे तो बफेलो बिलच्या फिरत्या तमाशात घोडेस्वार होता. काउबॉय आणि इंडियन यांच्या खोट्या लढाया, खोटे दरोडे, बारानंतरच्या धुरात पडणारी आणि पडदा पडताच उठणारी माणसे. हे सगळे लोक तिकीट काढून पाहायला येतात आणि खूश होऊन जातात, हे त्याने रोज पाहिले. माझ्या मते त्याचे खरे शिक्षण तिथेच झाले.

१९०२ मध्ये तमाशाच्या मालकाशी बिनसले आणि नोकरी गेली. त्याच्याजवळ कोलोरॅडोतल्या एका खाणीतले सोन्याच्या खनिजाचे दोन नमुने होते. ते घेऊन तो न्यूयॉर्कमध्ये ज्युलियन जेरार्ड यांना भेटला. हे जेरार्ड निकरबॉकर ट्रस्ट या मोठ्या वित्तसंस्थेचे एक उपाध्यक्ष. म्हणजे बँकर! मी ही माहिती वाचली तेव्हा खुर्चीत सरळ बसलो. नमुन्याचा दगड पाहिला, माणूस पाहिला आणि प्रपोजल मंजूर. जागेची पाहणी नाही, तारण नाही. जेरार्ड काही हजार डॉलर देत राहिले आणि स्कॉटी सबबी पाठवत राहिला. एकदा तर त्याने कहर केला. बारा हजार डॉलरांच्या सोन्याच्या भुकटीची पिशवी घेऊन आपण येत होतो, ती आगगाडीत चोरीला गेली, अशी ओरड केली. जेरार्डना सोने मिळाले नाही, पण वर्तमानपत्रांना बातमी मिळाली. नसलेल्या सोन्याची चोरी झाली आणि त्यामुळे ते सोने होते हे सिद्ध झाले. थापेबाजीतला याहून सुबक हिशेब माझ्या पाहण्यात नाही.

आता दुसऱ्या माणसाची ओळख करून द्यायला हवी. अल्बर्ट जॉन्सन हेही १८७२ चेच. ओहायोतल्या सधन, धार्मिक घरातले, कॉर्नेल विद्यापीठातून इंजिनिअर झालेले. जस्ताच्या खाणीत त्यांनी चांगला पैसा केला. १८९९ च्या डिसेंबरात वडिलांबरोबर कोलोरॅडोत फिरत असताना आगगाडीला अपघात झाला. वडील गेले. अल्बर्ट यांची पाठ मोडली. अनेक महिने अंथरुणात काढले आणि हा माणूस चाळिशीही पाहणार नाही असे डॉक्टरांनी सांगून टाकले. जिवावरचे टळले, पण चाल कायमची अधू झाली. इंजिनिअरच्या उन्हातल्या कामाची स्वप्ने संपली. ते शिकागोत नॅशनल लाइफ या विमा कंपनीच्या टेबलामागे बसले आणि पुढे कंपनीचे अध्यक्ष झाले. दारू नाही, विडीकाडी नाही. पत्नी बेसी त्यांच्याहून भाविक. मूलबाळ झाले नाही.

असा माणूस आणि स्कॉटी यांची गाठ १९०५ च्या सुमारास पडली. जॉन्सननी खाणीत पैसे गुंतवले आणि मग, जेरार्डनी न केलेली गोष्ट केली. खाण पाहायला निघाले.

रिजक्रेस्ट सोडले की ट्रोना हे कारखान्याचे गाव लागते. कोरड्या तळ्यातून क्षार काढण्याचा उद्योग, राखाडी इमारती, नाकात बसणारा वास. नातीने ओढणीत तोंड खुपसले. पुढे पॅनामिंट व्हॅली सुरू होते. याच मुलखाच्या दक्षिणेला विंगेट खिंड आहे. फेब्रुवारी १९०६ मध्ये जॉन्सन तिथे होते. बॉस्टनच्या गुंतवणूकदारांतर्फे आलेला डॅनियल ओवेन नावाचा खाण अभियंता बरोबर होता, स्कॉटी आणि त्याचे दोन भाऊ होते. स्कॉटीपुढे पेच असा, की अभियंत्याला दाखवायला खाण नाही. मग त्याने बफेलो बिलच्या शाळेतला धडा गिरवला. खिंडीत दबा धरून बसलेल्यांनी गोळीबार करायचा, पाहुणा घाबरून परत फिरणार. गोळ्या सुटल्या, पण गडबडीत स्कॉटीचा सख्खा भाऊ वॉर्नर जबर जखमी झाला. तेव्हा स्कॉटी घोडा फेकत त्या दरोडेखोरांच्याच दिशेने ओरडत सुटला, की गोळीबार थांबवा. त्यांनी तो थांबवलाही. ओवेन यांना समजायचे ते समजले आणि त्यांनी सगळी हकिगत वर्तमानपत्रांना सांगितली. खटला उभा राहिला, तो गुन्हा कोणत्या जिल्ह्याच्या हद्दीत घडला या घोळात बारगळला.

बँकेच्या भाषेत बोलायचे तर पाहणी अहवाल प्रतिकूल आला होता. कर्ज तिथेच थांबायला हवे होते. जॉन्सननी ते थांबवले नाही. १९०९ मध्ये ते पुन्हा आले आणि महिनाभर स्कॉटीबरोबर वाळवंटात फिरले. खाण काही दिसली नाही. पण घोड्यावर बसून, उघड्यावर झोपून, कोरड्या हवेत या अधू माणसाची तब्येत सुधारली. चाळिशी उलटली. पुढे कितीतरी वर्षे उलटली.

१९१२ मध्ये लॉस एंजेलिसच्या न्यायालयात देणेकऱ्यांच्या तगाद्यापायी स्कॉटीला शपथेवर कबूल करावे लागले, की आपली खाण वगैरे काही नाही. देशभर छी-थू झाली. त्यानंतर तीन वर्षांनी जॉन्सननी डेथ व्हॅलीच्या उत्तर टोकाला, ग्रेपव्हाइन कॅन्यनमध्ये, झऱ्याकाठच्या जमिनी विकत घ्यायला सुरुवात केली.

तिथे १९२२ ते १९३१ या काळात जे उभे राहिले त्याला लोक किल्ला म्हणतात. खरे तर ते स्पॅनिश धाटणीचे एक लांबरुंद घर आहे. घड्याळाचा मनोरा, अकराशेहून अधिक नळ्यांचा ऑर्गन बसवलेला संगीत कक्ष, हाताने घडवलेले दरवाजे. विजेसाठी झऱ्याच्या उतारावर पाण्याचे चाक बसवले. इंजिनिअर व्हायचे राहून गेलेल्या माणसाची हौस प्रत्येक नळात आणि खिळ्यात दिसते असे जाणकार सांगतात. जवळून जाणारा एक लोहमार्ग बंद पडला, तेव्हा जॉन्सननी त्याचे एक लाखाहून अधिक लाकडी स्लीपर सरपणासाठी घेऊन टाकले. ते शेजारच्या घळीत रचून ठेवले. घर पूर्ण झाले असते तरी इतके सरपण किती पिढ्यांना पुरले असते, कोण जाणे. खर्च पंधरा लाख डॉलरांच्या पुढे गेला. मजुरांत दरीचे मूळ रहिवासी असलेले टिंबिशा शोशोनी लोकही होते.

हा सगळा डोलारा आपल्या खाणीतल्या सोन्यावर उभा आहे, असे स्कॉटी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे. खाण घराच्या खालीच आहे, असेही सांगे. आणि धनी कोण? ते बाजूला उभे असत. पाहुण्यांनी विचारले तर आपण स्कॉटीसाहेबांचे बँकर आहोत, असे सांगत. विमा कंपनीचे अध्यक्ष स्वतःच्या घरात स्वतःच्या पैशाने दुसऱ्याच्या थापेची हमी देत होते.

यात जॉन्सननाही सोय होती, हे विसरता कामा नये. पॉलिसीधारकांच्या पैशावर चालणाऱ्या कंपनीचा अध्यक्ष वाळवंटात महाल बांधतो म्हटले तर शिकागोत भुवया उंचावल्या असत्या. सोनेखाणवाल्या विक्षिप्ताने बांधला म्हटले तर लोक हसून सोडून देतात. तरीपण एवढ्या एका कारणाने मला सगळे उलगडल्यासारखे वाटत नाही. स्कॉटीने आपले कर्ज मनोरंजनाच्या रूपाने फेडले अशा अर्थाचे जॉन्सन म्हणत असत. त्यात हिशेबी माणसाचा विनोद आहे, आणि मला वाटते खरेपणाही. शिकागोतल्या टेबलाशी ज्याला डॉक्टरांनी मोजून दिवस दिले होते, त्याला या लबाडाने घोडा दिला होता, रात्रीचा विस्तव दिला होता आणि एकदा तर प्रत्यक्ष गोळीबारही दिला होता.

मंदी आली. बांधकाम थांबले. पोहण्याचा तलाव खोदलेला होता, तो कधीच भरला नाही. १९३३ मध्ये नॅशनल लाइफ कंपनी प्रशासकाच्या ताब्यात गेली. पॉलिसीवर विसंबून बसलेली जी माणसे असतील, त्यांना संगीत कक्षातला ऑर्गन कसा ऐकू आला असता, हा प्रश्न माझ्यातल्या बँकवाल्याला सोडत नाही. त्याच वर्षी डेथ व्हॅली राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित झाली (राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९९४ मध्ये मिळाला). याच सुमारास जुन्या मोजणीतली चूक उघडकीला येऊन असे निघाले, की जॉन्सनांचा महाल त्यांच्या जमिनीवर नाहीच, तो सरकारी जमिनीवर आहे. आपल्याकडे याला अतिक्रमण म्हणतात. ते नियमित करायला अमेरिकी काँग्रेसने १९३५ मध्ये खास कायदा केला आणि एकरी सव्वा डॉलर या दराने जॉन्सनना जमीन मिळाली. टिंबिशा शोशोनी लोक त्याच दरीत शेकडो वर्षे राहत आले होते. त्यांचा तिथल्या जमिनीवरचा हक्क कायद्याने मान्य व्हायला २००० साल उजाडावे लागले.

पैसा आटला तेव्हा जॉन्सन दांपत्याने घर पर्यटकांना पैसे घेऊन दाखवायला सुरुवात केली. खेचणारा माणूस अर्थातच स्कॉटी. तो दिवसभर पाहुण्यांपुढे थापा मारी. महालात त्याच्या नावाची शेज होती, पण झोपायला तो काही मैलांवरच्या साध्या लाकडी घरात जाई. तेही जॉन्सननीच बांधून दिलेले. त्याच्या स्वतःच्या संसाराची मात्र परवड झाली. बायको बहुतेक काळ दूर राहिली, १९१४ मध्ये झालेल्या मुलाला बापाचा सहवास फारसा मिळाला नाही. नवऱ्याच्या श्रीमंतीच्या बातम्या छापून येत असताना अखेर तिला निर्वाहासाठी कोर्टात जावे लागले. स्कॉटीच्या गमती वाचताना मी हसलो, या पानावर हसू थांबले.

आणि जेरार्डही उगवले! अनेक वर्षांपूर्वीच्या करारावर बोट ठेवून त्यांनी स्कॉटीवर दावा लावला. एवढा मोठा महाल उभा आहे त्याअर्थी खाण लागलीच असणार, असा त्यांचा तर्क. त्यांची निकरबॉकर ट्रस्ट १९०७ च्या आर्थिक अरिष्टात कोलमडली होती, त्यांची आशा मात्र शाबूत होती. जॉन्सनना साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून सांगावे लागले, की खाण नाही, पैसा सगळा माझा आहे. इतक्या वर्षांचे नाटक धन्यानेच शपथेवर मोडले. न्यायालयाने जेरार्ड यांच्या बाजूने निकाल देऊन स्कॉटीच्या खाणहक्कांत साडेबावीस टक्के वाटा मान्य केला. साडेबावीस टक्के, पण कशाचे? ज्याने आयुष्यात एकदा तरी डिक्री हातात घेऊन कर्जदाराच्या बंद घरापुढे उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला जेरार्ड यांचा त्या दिवसाचा चेहरा डोळ्यांपुढे आणता येईल.

पॅनामिंट व्हॅली ओलांडून रस्ता टाउन खिंड चढतो. उंची पाच हजार फुटांच्या जवळपास. तिथून गाडी जी उतरू लागते ती पार समुद्रसपाटीला जाऊन टेकते, आणि दरीच्या तळाशी बॅडवॉटरला तर समुद्राच्याही खाली, २८२ फूट. कान दडे बसत होते. १९४३ मध्ये याच खिंडीत जॉन्सन गाडी चालवत असताना अपघात झाला आणि शेजारी बसलेल्या बेसीबाई गेल्या. रविवारी महालात मजुरांना आणि पाहुण्यांना धर्मप्रवचन देणारी ही बाई. पहिल्या अपघातात बाप गेला आणि आपण वाचलो, दुसऱ्यात बायको गेली आणि आपण वाचलो. जावयाला हे उतार संपेपर्यंत सांगितले नाही.

जॉन्सन १९४८ मध्ये वारले, पंचाहत्तराव्या वर्षी. डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या पस्तीस वर्षे पुढे. दोन वर्षे आधी त्यांनी एक धर्मादाय संस्था काढली होती, मालमत्ता तिच्या नावे केली आणि स्कॉटीची हयातभर देखभाल व्हावी अशी व्यवस्था ठेवली. कर्जदाराला वारसाहक्काने पोसण्याची तरतूद! त्याप्रमाणे संस्थेने स्कॉटीला अखेरपर्यंत सांभाळले. ५ जानेवारी १९५४ रोजी तो गेला, वयाच्या ८१ व्या वर्षी. महालामागच्या टेकडीवर, विंडी नावाच्या त्याच्या कुत्र्याशेजारी त्याला पुरले. तिथून सगळी वास्तू खाली दिसते, असे म्हणतात.

१९७० मध्ये राष्ट्रीय उद्यान विभागाने साडेआठ लाख डॉलरांना महाल विकत घेतला. १८ ऑक्टोबर २०१५ रोजी ग्रेपव्हाइन कॅन्यनमध्ये काही तासांत ढगफुटीसारखा पाऊस झाला. जिथे वर्षाला दोनेक इंच पाऊस पडतो तिथे पूर आला, रस्ता, वीज, पाण्याची वाहिनी सगळे वाहून गेले. २०२१ मध्ये आवारातल्या एका जुन्या इमारतीला आग लागली. म्हणून आम्ही गेलो तेव्हा महाल बंद होता. ग्रेपव्हाइनच्या फाट्यापर्यंत गेलो. पुढे आडवा लोखंडी अडसर होता आणि मागे उघडा, करपलेला डोंगर.

जॉन्सननी या वास्तूला डेथ व्हॅली रँच असे नाव ठेवले होते. अडसराजवळच्या पाटीवर मात्र स्कॉटीज कॅसल असे लिहिलेले होते आणि खाली, रस्ता बंद. जॉन्सनांचे नाव कुठे आहे का ते मी पाटीच्या मागच्या बाजूलाही जाऊन पाहिले. मागे नुसता पत्रा होता. नातीला भूक लागली होती. उरलेले धपाटे आम्ही तिथेच गाडीच्या सावलीत बसून संपवले.